थर्मासातलं रक्त

भुरीबाईच्या मांडीवर थर्मास होता आणि थर्मासात, बर्फाच्या तुकड्यांत, तिच्या नवऱ्याच्या रक्ताची बाटली. यवतमाळहून सुटलेली पहिली एस.टी. नागपूरकडे धावत होती. खड्डा आला की ती थर्मास दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

चार दिवसांपूर्वी दारव्ह्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर तिचा नवरा भावसिंग कापसाचं गाठोडं उचलता उचलता छाती धरून खाली बसला. बंडीतून, मग मोटारीतून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी रक्त काढून कंपाउंडरबरोबर नागपूरला पाठवलं. आज पुन्हा काढलं, पण कंपाउंडर तापानं पडला होता. धाकटा दीर रामधन होता. मात्र रोग्याला कूस बदलायचीही मनाई, उचलायला जवळ गडीमाणूस हवाच. उरली भुरीबाई.

निघताना तिनं बाटली उजेडात धरून पाहिली होती. आत लाल काहीच नव्हतं.

"हे रक्त नोहे, डॉक्टरसाहेब. पानी हाय पिवळं."

"रक्त गोठलं की वर हे पाणी सुटतं. काळजाला इजा झाली की त्यातलं द्रव्य यात उतरतं. ते किती, त्यावरून पुढचा अंदाज येतो."

पुढचा म्हणजे काय, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

नागपुरात प्रयोगशाळेच्या बाकावर ती दुपारपर्यंत बसून होती. भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच परत बांधलं. एका माणसानं पाकीट हातात दिलं. तिनं ते काचळीत खोचलं आणि परतीची गाडी धरली. पाकीट जणू छातीला चटका देत होतं.

शेजारी कळंबला उतरणाऱ्या विमलताई नावाच्या मास्तरीणबाई होत्या. कळंब जवळ आलं तशी भुरीबाईनं पाकीट पुढे केलं.

"बाई, वाचून द्या. मले वाचता येत नाही."

विमलताईंनी कागद दोनदा पाहिला. "नाव आहे, तारीख आहे. आणि आकडा. नव्वद."

"नव्वद म्हंजे चांगलं का वाईट?"

"ते नाही लिहिलं इथं."

विमलताई उतरून गेल्या. पुढची सगळी वाट भुरीबाई नव्वदला घेऊन बसली. नव्वद दिवस? नव्वद घटका? शंभरातले नव्वद गेले की नव्वद उरले? रडावं की सेवाभायाला नवस बोलावा, तेही तिला कळेना.

दिवेलागणीला डॉक्टरांनी कागद पाहिला आणि तिला खाटेपासून लांब, दाराशी नेलं.

"पहिला आकडा दोनशे दहा होता. आता उतरतोय, म्हणजे नवी इजा थांबली."

तिचा श्वास मोकळा झाला, तोच ते पुढे बोलले.

"पण तो इतका चढला होता, म्हणजे काळजाचा मोठा भाग मेला. मेलेला भाग परत येत नाही. अशातले बरेच जण वर्ष काढत नाहीत. काही काढतात. ते कोण, हे मला सांगता येत नाही. ओझं नको, वखर नको. आत्ता त्यांना काही सांगू नका."

भावसिंगनं खाटेवरून विचारलं, "काय निघालं रक्तात?"

"नव्वद."

"शंभरात दहाच कमी," तो खुशीत म्हणाला. "मंग काहून तोंड पाडून राह्यली?"

रामधनही हसला. तीही हसली.

तांड्यावर परतल्यावर महिना गेला. भावसिंग शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला आणि यायला उशीर झाला, तर ती तव्यावरची भाकर तशीच टाकून पळत जायची. तो झोपला की त्याच्या नाकापुढे हात धरायची. एका सकाळी तो जू उचलायला वाकला.

"ठिवा ते खाली."

"कायले? नव्वद होते न माहे?"

"त्याच्या आधी दोनशे दहा होते," ती म्हणाली आणि डॉक्टरांचं एकूण एक बोलणं तिनं त्याला सांगितलं. वर्षाचंसुद्धा.

भावसिंगनं जू तिथंच सोडलं. मग त्यानं बैलांची दावी सोडून रामधनच्या हातात दिली आणि सावलीला जाऊन बसला. ती शेजारी बसली.

"एकटीच भेत होती का इतके दिवस?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

भावसिंग त्यानंतर साडेपाच वर्षं जगला. औत पुन्हा धरलं नाही. त्या साडेपाच वर्षांतली एकाही सकाळी भुरीबाई बिनघोर उठली नाही. पण आता भीती दोघांनी वाटून घेतली होती. तिचा डोळा उघडला की तोच आधी म्हणायचा, "हाय मी."