जोडीतला उजवा

मित्रांनो, जोडीतला उजवा हातमोजा म्हणजे मी. काळ्या जाड रबराचा, कोपरापर्यंत येणारा. आता माझं रबर चिरलं आहे आणि कासू गावातल्या एका घराच्या मागच्या दारी मी खुंटीला लटकतो.

साच्यांवर रबराचे थर चढवून आम्हा दोघांना घडवलं, एका पिशवीत घातलं आणि रोह्याजवळच्या धाटावला पाठवलं. तिथल्या एका केमिकल कंपनीत ॲसिडचे रिकामे कॅन धुवायला ठेकेदारानं लावलेल्या बायका होत्या. त्यांत कासूहून गाडीनं येणाऱ्या दोन जावा, थोरली इंदुबाई आणि धाकटी रंभा. मुकादम दिनानाथनं पिशवी फोडली. डावा इंदुबाईला दिला, मी रंभाकडे आलो.

"दोघींत एक जोडी पुरे," तो म्हणाला. "दुसऱ्या हातानं नळीच तर धरायची हाय."

रंभानं मला फार जपलं. काम संपलं की ती मला नळाखाली धुवायची, आत हवा भरून कुठे भोक पडलंय का बघायची आणि बोटं खाली करून वाळत घालायची. थोड्याच महिन्यांत तिचे दोन हात दोन बायकांचे दिसायला लागले. उजवा मऊ राहिला, डाव्याला भेगा पडल्या.

"बाय, उजवा हात इनामदारणीचा नि डावा मजुरणीचा," ती जावेला दाखवून हसायची.

"हसू नको गो. दुसरी जोडी मागूया," इंदुबाई म्हणायची.

त्यांनी मागितली. पुढच्या मालाबरोबर येईल, असं दिनानाथ म्हणाला. माल येत राहिला, जोडी आली नाही.

त्या सकाळी रंभानं नेहमीसारखा एक कॅन ओढला. माझ्यातल्या हातानं तो तिरका धरला आणि उघड्या डाव्या हातानं नळी तोंडात घातली. रिकामा म्हणून आलेल्या त्या कॅनच्या तळाशी ॲसिड उरलेलं होतं. त्यावर पाणी पडताच ते उकळून वर उसळलं. माझ्यावरून ते ओघळून गेलं. तिच्या डाव्या हातावरून ओघळलं नाही.

इंदुबाईनं नळी उचलली आणि तो हात पाण्याखाली धरला.

"पुरे पाणी," दिनानाथ घाईनं म्हणाला. "जीप उभी हाय."

तिथेच चुकलं. जीप थांबली असती तरी चाललं असतं, पाणी थांबायला नको होतं. दवाखान्यात डॉक्टर तेच बोलले. बराच वेळ धार धरली असती, तर जखम एवढी खोल गेली नसती. नर्सनं मला काढलं, डाव्या हातातल्या बांगड्या कापल्या आणि तुकडे माझ्या पोटात घालून इंदुबाईच्या स्वाधीन केले. असा मी कासूला आलो.

दोन दिवसांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तिथलं मला इंदुबाईच्या तोंडून कळलं. दिनानाथनं सांगितलं, "मोजे दिलेले साहेब. रंभानं एकच घातला."

इंदुबाई कामावरून तशीच आली होती. तिनं डावा हात पुढे केला. मोजा अजून हातातच होता.

"दुसरा ह्यो," ती म्हणाली. "माझ्या हातात व्हता. तिच्या हातात कसा असंल?"

पुढच्या महिन्यात प्रत्येकीला जोडी आली, चष्मे आले, रबरी एप्रन आले. रंभाला मात्र पुन्हा कामावर घेतलं नाही. ती ठेकेदाराची मजूर, कंपनीची नव्हे, असं सांगितलं. घर चालायला हवं म्हणून इंदुबाई जात राहिली. जाताना ती रंभाकडे बघायची नाही.

जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला चिकटून गेलं. पावसाळ्यात रंभा लावणीला शेतात उतरली. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची आणि उजव्यानं ती चिखलात रोवायची, हे ती लहानपणापासून करत आली होती. मूठ तिच्या हातातून निसटून पाण्यात पडली. तिनं वेचली, ती परत पडली. मग ती बांधावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

पुढे गावातली चंद्रावती त्याच कामाला लागणार होती. इंदुबाई तिला आधी रंभाकडे घेऊन आली. रंभानं मला खुंटीवरून काढलं, हवा कशी भरायची ते करून दाखवलं. मग पदराखालून डावा हात बाहेर काढला.

चंद्रावतीनं भीत भीत त्याला बोट लावलं. "दुखतं गो?"

"नाय," रंभा म्हणाली. "आता त्यात कायच कळत नाय. तू बोट लावलंस, तेबी मी डोळ्यानं बघितलं म्हणून."

मित्रांनो, तुमच्या घरीही फरशी नाहीतर संडास धुवायचं ॲसिड येत असेल. आई त्याची बाटली उघडायला लागली, की आधी मोजे आणून द्या. दोन्ही हातांचे द्या. मी एकाच हाताचा होतो. माझ्या आतला हात आजही भाकरी थापतो, वेणी घालतो. दुसऱ्या हातासाठी मला काहीच करता आलं नाही.