ढुंढिराजशास्त्र्यांची पाठ

काशीत ब्रह्मा घाटावरच्या आपल्या पाठशाळेत ढुंढिराजशास्त्री माघापासून पालथे पडून वेदांची संथा देत होते. भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि पुढे ती कळ डाव्या पायात पार घोट्यापर्यंत उतरली. शेक झाले, काढे झाले. एका पहिलवानाने कमरेवर गुडघा रोवूनही पाहिला. पण ऑपरेशनचं नाव निघालं की शास्त्रीबुवा भिंतीकडे तोंड फिरवत. शेजारच्या शरदिनीकाकू त्यांना दुजोरा देत, "पाठीला सुरी लागली की माणूस जन्माचा खाटेवर."

त्यांच्या पत्नी कालिंदीबाईही ते ऐकून पुन्हा शेकाची तयारी करत. मग एका सकाळी नवरा भिंत धरून न्हाणीकडे निघाला आणि त्याच्या डाव्या पायातली चप्पल उंबऱ्याशीच राहिली.

"अहो, चप्पल."

"घातलीय की."

शास्त्रीबुवांनी खाली पाहिलं. पाय उघडा होता आणि त्यांना त्याची खबरही नव्हती.

त्याच आठवड्यात कालिंदीबाईंनी त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन एमआरआय करवून घेतला. तिथल्या डॉक्टर श्रीवास्तवांनी ती फिल्म उजेडासमोर धरली. "मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आहे," असं समजावून ते म्हणाले, "पंडितजी, अब रुके तो पैर की ताक़त शायद न लौटे."

"और ऑपरेशन बिगड़ गया तो?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"ख़तरा है, माताजी. थोड़ा है, पर है. न करने में ज़्यादा है."

'काही होणार नाही' असं हा माणूस म्हणाला नाही, म्हणूनच कालिंदीबाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. त्या नवऱ्याकडे वळल्या. "करून घ्या. काही झालं तर खुशाल मला बोला."

"तुला बोलायची हिंमत आहे कुणात?" शास्त्रीबुवा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर कालिंदीबाईंना तोंडपाठ असलेलं एकही स्तोत्र धड आठवेना. शेवटी त्या नुसत्या दाराकडे बघत बसल्या. आत बोलावलं तेव्हा शास्त्रीबुवा अर्धवट शुद्धीत होते आणि डॉक्टर त्यांच्या पायाशी उभे होते; त्यांच्या हातातल्या डबीत गादीचा काढलेला तुकडा होता.

"पंडितजी, अंगूठा ऊपर कीजिए."

डाव्या पायाचा अंगठा थरथरला, मग सावकाश वर आला. कालिंदीबाईंनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

"पायातली कळ कुठे गेली?" शास्त्रीबुवा पुटपुटले.

"डॉक्टरांच्या डबीत," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या.

घरी परतताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. विद्यार्थी खुर्ची घेऊन आले होते, पण शास्त्रीबुवांनी ती परत पाठवली. कमरेला पट्टा बांधून ते हळूहळू चालत निघाले. कालिंदीबाई पुढे होऊन वाटेतला सांड हाकलत होत्या. ओट्याओट्यांवरून माणसं उठून उभी राहिली. शरदिनीकाकूंनी तर स्वतःच्या हाताने त्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

डॉक्टरांनी मांडी घालून बसायला बंदी केली होती, पण चालायला सांगितलं होतं. मग जखम भरल्यावर शास्त्रीबुवा गच्चीवर फिरत संथा देऊ लागले. पुढे ते, मागे विद्यार्थ्यांची रांग. वळताना एखाद्याचा स्वर चुकायचा, रांग अडायची, हशा पिकायचा आणि पुन्हा सगळे चालू लागायचे.

खाली स्वयंपाकघरात कालिंदीबाईंना डोक्यावरून ती पावलं ऐकू येत. एके दिवशी ऐकता ऐकताच त्या भिंतीला टेकल्या आणि माघानंतर प्रथमच, भर दुपारी गाढ झोपी गेल्या.