दादाच्या श्वासावर

घरसामान हलवणारी माणसं एक-दोन-तीन म्हणून ओझं उचलतात. या दोघा भावांनीच काय ते कधी आकडे मोजले नाहीत. जिन्यात खालच्या बाजूला दादा, वरच्या बाजूला धाकटा आणि मध्ये कपाट नाहीतर फ्रीज. त्या धुडाआडून दादाचं तोंड दिसायचं नाही, पण त्याने नाकातून ओढलेला लांब श्वास ऐकू यायचा. तो ऐकला की धाकट्यानेही पोटभर श्वास घ्यायचा, कोंडायचा, आणि ओझं आपसूक वर यायचं. जिन्याचं वळण गाठलं की दोघांचा श्वास एकदमच सुटायचा. अठरा वर्षं असं चाललं. नवरा-बायकोचंसुद्धा इतकं जुळत नाही.

मग त्यांच्या कंपनीने व्यायामशाळेतल्या एका प्रशिक्षकाला बोलावलं. त्याने दोन तास शिकवलं. गुडघ्यांत वाका, पाठ सरळ ठेवा, पोट आवळा आणि जोर लावताना तोंडाने हळूहळू श्वास सोडा. कोंडून ठेवलात तर रक्तदाब चढतो. धाकट्याला नवं काही कळलं की ते त्याच्या पोटात राहत नसे. दुसऱ्याच दिवशी चार माणसांदेखत तो म्हणाला, "दादा, तू दम कोंडून उचलतोस. चुकीचं आहे ते. इतकी वर्षं मलाही चुकीचंच शिकवलंस."

दादाने हातमोजे काढले, टेम्पोत ठेवले आणि चालू लागला. आठवडाभराने कळलं, तो एका छापखान्याच्या फाटकावर राखणीला बसतोय.

सात महिने झाले. धाकटा आता अगदी शास्त्रशुद्ध श्वास घ्यायचा. कंबर दुखायची थांबली होती, हे त्यालाही कबूल होतं. पण नवा जोडीदार "तीन" म्हणायचा आणि धाकटा उचलायचा साडेतीनला. अंग अजून पलीकडच्या त्या श्वासाची वाट बघत थांबायचं. एकदा फ्रीज कलंडून गिऱ्हाइकाची भिंत खरवडली, तेव्हा जोडीदाराने विचारलं, काका, झोप झाली नाही का? धाकट्याने हसण्यावारी नेलं. जिन्यात मात्र त्याला भरून यायचं. त्याला दादा हवा होता. बरोबर श्वास घेणारा, चुकीचा घेणारा, कसाही.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तो नाक मुठीत धरून दादाच्या दारात गेला. हव्या तेवढ्या शिव्या खायच्या, पण माणसाला कामावर परत न्यायचंच, असं ठरवून.

दार वहिनीने उघडलं. तिने ना रुसवा दाखवला, ना कौतुक केलं. म्हणाली, बरं झालं आलास, कपाट हलवायचंय. पलंग खिडकीशी घ्यायचा होता आणि कपाट आड येत होतं.

दादा पलंगावर बसला होता. चांगलाच वाळला होता. धाकट्याने वाटेत पाठ केलेली माफी घडाघडा म्हणून टाकली. दादाने ती पुरी होऊ दिली.

"तुझ्यावर रागावलोच नव्हतो मी," तो म्हणाला. "त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय, यापुढे ओझ्याला हात लावायचा नाही. तुला कोणत्या तोंडाने सांगू, कळेना. तेवढ्यात तू बोललास. बरंच वाटलं मला. निघून जायला कारण मिळालं."

सात महिने धाकटा ज्यासाठी झुरत होता, ते भांडणाने गेलंच नव्हतं, आणि आता कितीही माफी मागितली तरी ते परत येणार नव्हतं. त्याचे डोळे भरले. ते दिसू नयेत म्हणून तो कपाटाकडे वळला.

एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला वहिनी. दादाही सवयीने उठला. वहिनीने नुसतं बघितलं, तसे त्याने हात पाठीमागे बांधले.

"हात नाही लावत," तो म्हणाला. "तुम्ही उचला. मी श्वास घेतो."

आणि त्याने घेतला. नाकातून, तसाच लांब. धाकट्याचं अंग त्याबरोबर उठलं, प्रशिक्षकाचं सगळं शिकवणं तो साफ विसरला, आणि कपाट जमिनीवरून सुटलं. एक पाऊल झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला दादाचा श्वास मध्येच सुटला. पुन्हा घ्यायला त्याने तोंड उघडलं, पण तो पुरा घेता येईना. छाती नुसती भरभर हलत राहिली.

कपाट ठेवायचा कोपरा आणखी दोनच पावलांवर होता. धाकट्याच्या छातीत कोपऱ्यापर्यंतच काय, जिना उतरून रस्त्यापर्यंत पुरेल इतका श्वास होता. त्याने गुडघे वाकवले आणि कपाट खाली ठेवलं.

"थांबू या जरा," तो म्हणाला. "मला दम लागला."

वहिनीने कपाटाच्या कडेने त्याच्याकडे पाहिलं.

"मलाही," ती म्हणाली.

मग दोघं कपाटाला टेकून, खिडकीबाहेर बघत उभी राहिली, दादाचा श्वास जागेवर येईपर्यंत.