पाठवणी कापलेलं जागरण

कला कुणाच्या मालकीची नसते. ती वाऱ्यासारखी असते, तिला कुंपण घालता येत नाही. हे वाक्य नळदुर्गच्या युवराजनं आपल्या टेलिग्राम चॅनलवर ठळक अक्षरांत लावलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड.

युवराजचं हायवेला लागून मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि दुकानामागंच घर. दुरुस्ती पोटासाठी, रेकॉर्डिंग हौसेसाठी. आराधी मेळे, भजनं, कव्वाल्या, जागरणं, जिथं माईक लागेल तिथं तो शर्टाच्या खिशात मोबाईल उभा करून पहिल्या रांगेत मांडी घालायचा. गाणाऱ्याला वाटायचं, पोरगं किती तल्लीन झालंय, डुलतसुद्धा नाही. घरी येऊन तो रडणारी लेकरं आणि शिट्ट्या पुसायचा, अधूनमधून स्वतःच्या आवाजात ‘युवराज डिजिटल, नळदुर्ग’ असं पेरायचा आणि फाईल विक्रीला लावायचा. सोलापूरच्या एकानं या फायली उचलून परस्पर विकल्या, तेव्हा युवराजचं जेवणावरचं मन उडालं होतं. “लोकांला लाजच राहिली न्हाय,” असं तो बरेच दिवस म्हणत होता.

जिल्ह्यातल्याच वाशीहून लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात बायकोनं, शिवांजलीनं, विचारलं, “गाणाऱ्याला काय मिळतं यातलं?”

“प्रसिद्धी.”

“मिळतीय म्हणून त्यांना सांगितलंय का?”

युवराजला एकदम दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं.

त्याच महिन्यात नव्या जोडप्याचं जागरण झालं. गायला अणदूरचा म्हातारा भागवत वाघ्या होता. जागरणाच्या सुरुवातीला देवांना आवतन असतं. भागवत एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारायचा आणि प्रत्येक हाकेला ठिकाण सांगायचा: नळदुर्गात, युवराजच्या दारी. पाहुण्याला पत्ता लागतोच. शेवटी त्याच क्रमानं एकेकाला निरोप. भागवतच्या घराण्यात त्याला पाठवणी म्हणतात. आवतनात दिमडी असते, मुरळीचा नाच असतो, भंडारा उधळलेला असतो. पाठवणीच्या वेळी म्हाताऱ्याचा घसा बसलेला असतो आणि मंडळी चपला शोधत असतात.

“मोबाईल बंद ठीव,” भागवतनं आधीच बजावलं. “ह्ये गाणं न्हाय. बोलावणं हाय.”

युवराजनं त्याच्यासमोर मोबाईल बंद केला. दुसरा मोबाईल उसाच्या मखराला आतून बांधलेला होता.

ही फाईल चॅनलवर सगळ्यात जास्त चालली. पुण्याच्या फ्लॅटांत, दुबईच्या खोल्यांत, हायवेवरच्या ट्रकांत. पाठवणी मात्र युवराजनं कापून टाकली होती. “शेवट कुणी ऐकत न्हाय,” तो म्हणाला, “उगं लोकांचा डेटा जातो.”

आधी कुत्री आली. भर दुपारी, उन्हात, घराच्या दारासमोर ओळीनं बसली. भुंकत नव्हती, भाकरी टाकली तरी हुंगत नव्हती. दाराकडं तोंड करून, वर बघत बसायची, जशी ती ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं बघतात. मग उंबऱ्यावर हळद दिसू लागली. शिवांजली पुसायची आणि फडकं पिळून येईस्तोवर पुन्हा तितकीच असायची.

युवराज म्हणाला, वारा.

दुकानात पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारी पेटी होती. तिचा आवाज घरात यायचा. शिवांजलीच्याच आधी ध्यानात आलं: पेटी बोलली की थोड्या वेळानं दाराची कडी आपोआप हलते आणि ओळीतलं एक कुत्रं उठून बाजूला सरकतं. कुणाला तरी वाट द्यावी तसं.

घरात दिसत काहीच नव्हतं. फक्त बैठकीची खोली भरत चालली होती. पंखा पूर्ण फिरायचा आणि वारा खाली पोचायचा नाही. बोललेलं भिंतीला जाऊन परत यायचं नाही, मधेच कुठंतरी जिरायचं. रिकाम्या सतरंजीवर हात ठेवला तर ती ऊबदार लागायची, नुकतंच कुणी उठल्यासारखी; किंवा उठलंच नसल्यासारखी. शिवांजली स्वयंपाकघरात जाताना भिंतीला चिकटून, पदर आवरून जाऊ लागली. एकदा तर ती “जरा सरकता का?” असं म्हणाली, आणि मग तिला मधून जाता आलं. त्या दिवशी तिनं पिशवी भरली.

“कुठं निघालीस?”

“वाशीला, माहेरी. पाहुणे गेले की फोन करा.”

“कुठले पाहुणे?”

“तुम्ही बोलावलेले. बसायला सांगितलंय, उठायला कुणी सांगितलं नाही. बिचारे बसून आहेत.” दारात ती थांबली. “त्यांचा राग न्हाय मला. तुमचा हाय.”

त्यानंतर पेटी गप्प असतानाही कुत्री सरकू लागली. युवराजनं मनातल्या मनात सोलापूरवाल्याला शिव्या दिल्या, पण हळू आवाजात. घरात कोण कोण ऐकत होतं, सांगता येत नव्हतं.

तो अणदूरला गेला. भागवत लिंबाखाली खाटेवर रील बघत पडला होता.

“ये, युवराज डिजिटल,” त्यानं मान न उचलता म्हटलं. “लेकरांची रडं पुसलीस, शिट्ट्या पुसल्यास, माझा खोकला ठिवलास व्हय? दुबईवरनं पाव्हण्याचा फोन आला, औषध घे म्हणून.”

“चुकलं, मामा.” युवराजनं सगळं सांगितलं. कुत्री, हळद, कडी, वाशी.

भागवत उठून बसला.

“आपला खंडोबा बग. अणदुरातनं नळदुर्गाला जातो, व्हय का न्हाय? किती पिढ्या जातोय. तरी दर साली दोन्ही गावचे मानकरी बसत्यात, लेखी करार करत्यात. कवा न्यायचा, कवा आणून सोडायचा. खुद्द देव करारावर जातो, लेकरा. तू त्याला खिशात घालून न्हेलास.”

“खिशात न्हाय, मामा. मखरात.”

“लई शाणा हायेस.”

“पण आता करायचं काय?”

“म्या येऊन पाठवणी म्हणतो. पण आधी ती फाईल समदीकडनं काढ. न्हायतर म्या हितनं पाठवायचं आन् तिकडनं कुणीतरी हाक मारायचं. देवाला काय धंदा न्हाय का?”

“काढली की जातील?”

“मला काय ठाव? असला शाणा ह्याआधी भेटला न्हाय.”

युवराजनं फाईल काढली. मग सोलापूरवाल्याला फोन केला आणि चोरीचा माल काढायला सांगितला. पलीकडून शांत आवाज आला, “कला कुणाच्या मालकीची नसते, भाऊ. तुमच्याच चॅनलवर वाचलंय.” शेवटी युवराजनं त्याला बाकीच्या सगळ्या फायली देऊन टाकल्या, तेव्हा त्यानं ती एक काढली. त्या सगळ्या फायली इतरांच्या गाण्याच्या होत्या, त्यामुळं देताना युवराजला फार जड गेलं नाही. चॅनल त्यानं बंद केलं, त्या वाक्यासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागवत आला. दारातल्या कुत्र्यांना नमस्कार करून आत शिरला आणि खोलीत पाऊल टाकताच थबकला. मग, लग्नाच्या पंगतीत जागा शोधतात तसा, बघत बघत, अंग चोरत कोपऱ्यात गेला आणि बसला. दिमडी आणली नव्हती. बसल्या आवाजात त्यानं पहिलं नाव घेतलं, गाव सांगितलं, जागरण गोड झालं, आता आपल्या ठिकाणी जावं, असं विनवलं.

बाहेरचं एक कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि हायवेच्या कडेनं निघून गेलं.

दुसरं नाव, दुसरं कुत्रं. दाराचा पडदा बाहेरच्या बाजूला फुगायचा आणि पडायचा. पंख्याचा वारा हळूहळू खाली उतरला, युवराजच्या कपाळापर्यंत, मग मानेपर्यंत, मग सतरंजीपर्यंत. शेवटच्या नावाला भागवतला खोकला आला. तो तसाच खोकत म्हणाला. आवाज भिंतीवर आपटून परत आला. खोली मोकळी होती, नको इतकी.

युवराजनं उंबरा पुसला. पिवळं पुन्हा उमटलं नाही. त्यानं वाशीला फोन लावला.

“गेले?” शिवांजलीनं विचारलं.

“गेले. शप्पथ. खोली घुमायलीय.”

“भागवतमामांना द्या.” मामांनी “व्हय, बाई” म्हटल्यावर ती म्हणाली, “कृष्णराज घेऊन येतोय मला. चहा ठेवा.”

कृष्णराज म्हणजे तिचा भाऊ. संध्याकाळच्या आत त्याची गाडी हायवेवरून घराकडं वळली. युवराज पायरीवर उभा होता. आधी गाडीमागं धूळ दिसली, मग धुळीत कुत्री. सगळी, ओळीनं, तोंड वर करून. गाडी थांबली. काचा बंद होत्या, तरी दिमडी ऐकू येत होती. कृष्णराजनं हसत काच खाली केली.

“दाजी, तुमचाच आवाज!”

‘युवराज डिजिटल, नळदुर्ग,’ गाडी म्हणाली आणि पाठोपाठ भागवत एका देवाला त्याच्या गावासकट हाक मारून युवराजच्या दारचा पत्ता सांगू लागला. घराच्या दाराची कडी हलली. शिवांजली मागच्या सीटवर दाराच्या अगदी कडेला सरकून बसली होती, पदर आवरून. ती उतरली नाही.

फाईल कृष्णराजनं विकत घेतलेली नव्हती. वाशीच्या एका ग्रुपवर ती सगळ्यांना फुकट आली होती.