आत्या उपलब्ध

आत्याचा धाकटा भाऊ कुठलंही काम नुसतं करत नसे, तो ते करून टाकत असे. भिंतीला रंग देऊन टाकला, चांगलं कपाट काढून टाकलं, पोराला वसतिगृहात घालून टाकलं. विचार ही गोष्ट त्याच्या मते नंतर सवडीने करायची असते. मग त्याने टाकलेलं उचलून जागेवर ठेवायचं काम घरातल्या दोन बायकांचं. एक त्याची बायको आणि दुसरी त्याची थोरली, बिनलग्नाची बहीण. म्हणजे आत्या.

खरं तर ती त्याची ताई. पण त्याचा पोरगा बोलायला लागला, ‘आत्या, आत्या’ करत घरभर फिरायला लागला आणि सगळ्या घराने तेच उचललं. भाऊ आत्या म्हणे, भावजय आत्या म्हणे, दूधवालासुद्धा आत्या म्हणे. पोरगा वसतिगृहात गेला तरी ती आत्याच राहिली. तिचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर होतं.

सोमवार ते शुक्रवार ती गणवेशाच्या कारखान्यात कापड कापायची. कापडाचे चाळीस पदर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने आखायचं आणि त्या रेषेवरून कटिंग मशीन फिरवायचं. हात केसभर हलला तर चाळीस कॉलरी एकदम वाकड्या. पाच दिवस असं उभ्याने, श्वास रोखून काम केलं की शनिवार-रविवार तिचे. त्या दोन दिवसांत ती घरात नसे. कुठे जाते हे घरात कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं तर ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, कारण तिला नाद होता झाकणांचा.

त्याला कारण तिची मैत्रीण. तीस वर्षं कारखान्याच्या गल्लीत टपाल वाटलेली बाई. सगळे तिला टपालबाईच म्हणत. तिच्या घरी फळीवर तेवीस किटल्या होत्या, सगळ्या चिनी मातीच्या आणि सगळ्या बोडक्या. लोकांकडून किटलीचं झाकण फुटतं आणि मग ते धडधाकट किटलीलाही उकिरडा दाखवतात, याचा टपालबाईला भयंकर राग. दारोदार फिरताना असली टाकलेली किटली दिसली की ती पत्रांच्या पिशवीत घालून घरी आणायची. ते ऐकल्यावर आत्याने प्रत्येक किटलीच्या तोंडाचा पुठ्ठ्याचा फर्मा कापला, त्यावर नंबर घातला आणि सगळे फर्मे पर्समध्ये टाकून ती जुन्या बाजारात शिरली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

शनिवारी बाजार आणि रविवारी टपालबाईचं घर. नवं झाकण किटलीवर ठेवायचं, गोल फिरवायचं, खडखडतंय का ऐकायचं. बसलं तर त्या दिवसाचा चहा त्याच किटलीतून. ‘जीव भांड्यात पडला’ असं लोक उगाच म्हणतात, या दोघींचा मात्र खरोखर पडायचा. अकरा वर्षांत नऊ किटल्यांना झाकणं मिळाली होती. सात नंबरची, फळीवरची सगळ्यात मोठी पांढरी किटली काही दाद देत नव्हती. तिचं तोंड भट्टीतच थोडं दबलं होतं. ना गोल, ना लांबट. गेली चार वर्षं दोघी तिच्या मागे होत्या.

आणि त्या शनिवारी ते झाकण सापडलं. चष्मेवाल्याच्या चादरीवर, तुटक्या दिव्याशेजारी. हा माणूस जुने चष्मे विकायचा म्हणून चष्मेवाला, बाकी त्याच्याकडे मिळत नाही अशी वस्तू नव्हती. आत्याने लांबूनच ओळखलं. फर्मा काढायचीही गरज नव्हती, असली दबलेली कड तिच्या डोळ्यांत चार वर्षं बसली होती. तिचा हात झाकणाकडे निघालाच होता. पण बाजाराचा नियम ती कोळून प्यायली होती. जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. तिने दिवा उचलला, नाक मुरडलं.

“हा दिवा आहे की दिव्याचं भूत?”

“घ्या की बाई, वायर बदलली की लागतो.”

“वायर बदलायची, बल्ब आणायचा, वर शेडही घालायची. मग तुझं काय घेतलं मी यात?”

गाडी बरोबर रुळावर होती. आता दिव्यावरून आरशावर यायचं, आरशावरून निघून जायचं आणि जाता जाता ‘बरं, ते झाकण तरी दे’ म्हणायचं. इतक्यात फोन वाजला.

“आत्या का?” अनोळखी बाईचा आवाज.

“हो, बोलतेय.”

“पाचवीचे घेता ना तुम्ही?”

आत्याला वाटलं, कुठल्या तरी शाळेची बाई असणार, गणवेशाचं विचारतेय. “घेतो की. पाचवीचे चाळीस एकदम कापतो आम्ही.”

पलीकडून फोन धाडकन बंद. विचित्र बाई, म्हणत आत्या आरशाकडे वळली. पुन्हा फोन. आता एक पुरुष होता. “आत्या, आमचा मुलगा जरा कच्चा आहे.” कच्चा आहे तर मी काय करू, म्हणत तिने तो ठेवला. तिसऱ्या फोनवरचा माणूस मात्र चिवट निघाला. उद्या चारला पाठवू की साडेचारला, हे एकच धरून बसला. आत्या एक कान बोटाने बंद करून, गर्दीकडे पाठ करून ओरडत होती, “अहो कुणाला पाठवताय? कुठे पाठवताय? मी तुमची आत्या नाही हो!”

ती वळली तेव्हा झाकण एका टोपीवाल्याच्या हातात होतं. चष्मेवाला पैसे खिशात घालत होता.

“उलटं ठेवलं की सिगारेटच्या राखेला मस्त,” टोपीवाला म्हणाला.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाजाराचे सगळे नियम गुंडाळून ठेवले, त्याच्या मागे धावली, दुप्पट देते म्हणाली, तिप्पट देते म्हणाली. तेच चुकलं. एवढ्यासाठी ही बाई एवढं देतेय म्हटल्यावर तो सावध झाला. त्याने झाकण रुमालात गुंडाळलं आणि ‘घरी दाखवून बघतो’ म्हणत गर्दीत मिसळला. चार वर्षं शोधलेलं झाकण, आणि त्यात हा मेला राख झटकणार! घरी आल्यावर ती कुणाशी बोलली नाही. भाऊ बाहेरच होता, भावजय स्वयंपाकघरात काही लिहीत बसली होती. आत्या न जेवता आपल्या खोलीत जाऊन झोपली.

रविवारी ती टपालबाईकडे गेली ती झाकणाची शोककथा सांगायला. पण टपालबाईने दार उघडलं आणि नेहमीसारखं ‘ये कटिंग मास्तर’ न म्हणता नुसतीच बाजूला झाली. टेबलावर एकच कप होता.

“आलीस?” ती म्हणाली. “मला वाटलं, आता यायची नाहीस.”

“का? मेले की काय मी?”

टपालबाईने एक पिवळा कागद पुढे केला. “दाराखालून आलाय. तीस वर्षं मी लोकांच्या दाराखालून बऱ्यावाईट बातम्या सरकवल्या. माझी मात्र कुणी अशी सरकवेल असं वाटलं नव्हतं. तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?”

आत्याने कागद वाचला. ‘गणिताचे घरगुती वर्ग. पाचवी ते आठवी. शनिवार-रविवार दुपारी चार ते आठ. या रविवारपासून सुरू. प्रवेश व चौकशीसाठी आत्या, शनिवार-रविवार पूर्ण दिवस उपलब्ध.’ खाली फोन नंबर. तिचाच.

तिने पुन्हा वाचला. घरात आपल्या बहिणीला दुसरं काही नाव आहे हेच भाऊ विसरला होता, आणि छापणाऱ्याने दिलं तसं छापलं होतं. पूर्ण दिवस उपलब्ध! सार्वजनिक नळाला असतं तसं! कालचे तिन्ही फोन तिच्या डोक्यात एकामागून एक लागत गेले, आणि शेवटी ते झाकणही.

“हे मी केलेलं नाही,” ती म्हणाली. “मला विचारलेलंसुद्धा नाही. तुझ्याइतकंच मला माहीत.”

टपालबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. “मग इथे काय उभी राहिलीस? जा घरी. चहा मी ठेवत नाही, तू परत आल्यावर ठेवीन.”

आत्या तीन जिने धाडधाड उतरली. वाटेत तिने भावाला सुनवायची सगळी वाक्यं तयार केली. अकरा वर्षं निम्मा किराणा भरते, ते उपलब्ध म्हणून? लग्न केलं नाही म्हणजे माझ्या वेळेला मालक नाही, असं कुणी सांगितलं तुला? घरी पोचेपर्यंत ती नुसती धुमसत होती.

बैठकीतलं सगळं सामान भिंतीला लावलं होतं. मध्ये सतरंजी. भाऊ दारावर पाटी ठोकत होता.

“आलीस? बरं झालं,” तो तोंडातला खिळा काढत म्हणाला. “चारला दहा पोरं येतील. तू दारात बस, नावं लिहून घे.”

आत्याने पिवळा कागद त्याच्या छातीवर दाबला. “हे काय आहे?”

“सांगणारच होतो गं. छापून टाकलं, म्हटलं काम मार्गी लागेल.”

“मला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? तुला शनिवार-रविवार काम काय असतं? रिकामीच तर असतेस.”

वाटेत रचलेली सगळी वाक्यं त्या एका शब्दाने पळवून लावली. रिकामी! तिला फळीवरच्या तेवीस किटल्या आठवल्या, टेबलावरचा एकुलता कप आठवला, आणि तिचा आवाज असा चढला की समोरच्या खिडकीचा पडदा हलला.

“मी रिकामी नाही! मला मैत्रीण आहे. मला छंद आहे. अकरा वर्षं मी दर शनिवारी एका ठिकाणी जाते आणि दर रविवारी दुसऱ्या, आणि कुठे जातेस एवढं तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही! माझं नाव लक्षात नाही, माझा फोन मात्र पाठ आहे तुला! माझे दिवस तू कुणाला विचारून वाटलेस?”

भाऊ खरोखर गोंधळला. त्याला राग आला नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. “अगं, एवढं काय त्यात? घरचंच काम आहे. हिला बघ, ही शिकवणार आहे, हिने काही कटकट केली का?”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाच दिवस ती विमा कंपनीत आकड्यांत डोकं घालून बसायची. हातात कालचीच वही होती, गणितं काढून ठेवलेली.

“आत्या,” ती म्हणाली, “तुमचं निदान छापलं तरी. मी उपलब्ध आहे हे लिहायचीसुद्धा गरज वाटली नाही कुणाला.”

हातोडी भावाच्या हातातच राहिली. “म्हणजे काय? तुला तर शिकवायला आवडतं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे... गणित चांगलं आहे ना तुझं.”

“गणित चांगलं आहे,” भावजय शांतपणे म्हणाली. “मला रविवारी झोपायला आवडतं. पुलापर्यंत एकटीने चालत जायला आवडतं. लग्नाआधी जायचे मी.”

इतका वेळ आत्याचा राग भावाच्या अंगावर जात होता, तो आता वळून तिच्याच अंगावर आला. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी हिने केलेला चहा पिऊन, कप हिच्याच ओट्यावर ठेवून ती बाहेर पडत होती. मागे राहिलेली ही बाई दिवसभर काय करते, तिला काय करावंसं वाटतं, हे तिने तरी कधी विचारलं होतं? एकदाही नाही. भावाला ऐकवलेलं प्रत्येक वाक्य तिला लागू पडत होतं.

तिने भावजयीच्या हातातली वही काढून घेतली.

“चप्पल घाल.”

“कुठे जायचंय?”

“पुलापर्यंत. मी येऊ की तुला एकटीलाच जायचंय?”

भावजयीने जरा विचार केला. खरोखर विचार केला, कारण असं तिला कुणी विचारलं नव्हतं. “आजच्या दिवस या,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी एकटी जाईन.”

“बरं. मग पुलावरून माझ्या मैत्रिणीकडे, तिने चहा थांबवून ठेवलाय. तेही तुला यायचं असलं तरच.”

“अगं, पण थांबा!” भाऊ दारात आडवा आला. “चार वाजायला आले. दहा पोरं यायचीत. त्यांचे आईबाप यायचेत. त्यांना मी काय सांगू?”

आत्याने वही त्याच्या हातात दिली आणि त्यावर आपला फोन ठेवला. तो तेव्हाच वाजायला लागला.

“घे,” ती म्हणाली. “तू आहेसच की घरी.”