चढाची वाट

“भाऊजी, पडदा पूर्ण सारा. उजेड कमी पडतोय.”

मिस्त्रीनं पडदा सारला. मग खिडकी उघडली. धूळ येईल म्हणून परत लावली, आणि मेहुण्याच्या मागे जाऊन उभा राहिला. मिस्त्रीची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलेली. पंपाचा आवाज जरा बदलला की उठायचं, वंगण घालायचं, नट आवळायचा. निवृत्त झाल्यापासून हातांना काम नव्हतं, आणि आज तर पायांनाही थारा नव्हता.

मेहुण्यानं भिंतीवरचं चित्र उतरवून खुर्चीवर टेकवलं होतं. खाली तलाव, काठाला झाडं, मागे टेकडी आणि तलावापासून टेकडीवर चढणारी एक पाऊलवाट. त्याचं पहिलं तैलचित्र. बहिणीकडे राहून शिकत होता तेव्हा पंपघराच्या गच्चीवर बसून काढलेलं. आता या मुलखातलं पाणी आणि झाडं रंगवावीत तर त्यानंच, असं जाणकार म्हणत. त्याच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात सगळ्यात आधी हे चित्र लागणार होतं. ते न्यायला संध्याकाळी गाडी यायची होती. तो मात्र त्याआधी ते सुधारायला म्हणून रंगांची पेटी काखेत मारून दुपारीच येऊन थडकला होता.

“लोक हसतील हो,” तो म्हणाला. “हे पाणी बघा. तलाव आहे का वाळत घातलेली चादर?”

“इतकी वर्षं कोणी हसलं नाही.”

“इतकी वर्षं बघितलं कोणी? तुम्ही दोघांनीच ना?”

मिस्त्री चहा टाकायला आत गेला. ‘तुझं चित्र आहे, तुला काय करायचं ते कर,’ असं तो मघाशी बोलून गेला होता आणि आता ते शब्द परत घ्यावेसे वाटत होते. मधल्या दारातून मेहुण्याची पाठ दिसत होती. वय झालं होतं, खांदे उतरले होते, पण हात भराभर चालत होता. तिकडे बघता बघता चहा उतू गेला. त्यानं ओटा पुसला, पुन्हा आधण ठेवलं, ते तसंच सोडून बाहेर आला.

पाणी आडवं झालं होतं. आभाळाला खोली आली होती. चांगलं झालं होतं, हे मिस्त्रीलाही कबूल करावं लागलं असतं.

“बघा, कसं निजलं पाणी,” मेहुणा खुशीत म्हणाला. त्यानं कुंचल्यावर दाट हिरवा रंग घेतला. “आता ही वाट. हिच्याइतकं वाईट मी जन्मात काही काढलं नाही. टेकडीला शिडी लावल्यासारखी दिसते. हिच्यावरून माणूस चढेल का? पुसूनच टाकतो. इथं झुडपं येतील.”

“वाट राहू दे.”

“का?”

“राहू दे म्हटलं ना.”

“भाऊजी, पंपाच्या कामात मी कधी तोंड घातलं का?”

“तुझी बहीण जायची त्या वाटेनं.”

मेहुण्यानं वळून बघितलं. “अहो, तिथं वाट नव्हतीच. मी मनानं घातली होती.”

“मला माहीत आहे ते.” मिस्त्री खाटेच्या कडेवर बसला, लगेच उठला. “शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं. मान वळवली की समोर हेच. सकाळी अंग पुसून दिलं की म्हणायची, मी जरा टेकडीवर जाऊन येते, तोवर तुम्ही खाऊन घ्या. डोळे उघडे ठेवून गप्प पडायची. मी खायचो. मग विचारायचो, आलीस का? तर म्हणायची, आज वळणापर्यंतच गेले, दम लागला.”

कुंचला मेहुण्याच्या हातात तसाच राहिला.

“वरपर्यंत कधी गेली?”

“एकदा गेली. काय दिसतं गं वरून, म्हणून विचारलं. म्हणाली, पलीकडचं धाकट्यानं अजून काढलंच नाहीये.”

आतलं आधण खळखळत होतं. मिस्त्री जाऊन गॅस बंद करून आला.

“मला कधी बोलली नाही ती,” मेहुणा हळूच म्हणाला.

“तू बसलास कधी तिच्याजवळ? तुझ्याकडून फळं यायची. ती मी खायचो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. मेहुण्यानं मान खाली घातली. हिरवा रंग पुसून कुंचला पेटीत ठेवला. मग एक फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलं आणि आभाळाला लावलं. ताजा रंग फडक्यावर उतरू लागला.

“अरे, ते चांगलं झालं होतं की.”

“झालं होतं. पण ते आजचं आहे. तिनं बघितलेलं नाही.”

तलावापाशी आल्यावर तो थांबला. “भाऊजी, मागून जरा हात लावता का? कापड दबतंय.”

मिस्त्री खुर्चीमागे गुडघ्यांवर बसला आणि कॅनव्हासच्या पाठीवर त्यानं तळवा टेकवला.

“गाडीवाल्यांना काय सांगू?” पुसता पुसता मेहुण्यानं विचारलं.

“नेऊ दे. बघू देत लोकांना. पण परत आण.”

“मी स्वतः घेऊन येईन.”

“आलास की घाई करू नकोस. बस जरा.”

पलीकडे फडकं चालत होतं. मिस्त्रीला तिकडचं काही दिसत नव्हतं, पण कापडातून मेहुण्याचं बोट तळव्याला लागत होतं. बोट सरकेल तसा तोही हात सरकवत राहिला.