चौकातल्या उखळाची जागा

मित्रांनो, मी काळ्या दगडाचे एक जुने उखळ आहे. मानवत गावच्या एका पाथरवटाने मला घडवले आणि जिंतूरच्या वाटेवरील एका गावाच्या चौकात, वीतभर कड वर ठेवून, पुरले. माझे काम राळे कांडण्याचे. राळे म्हणजे मोहरीएवढ्या पिवळ्या दाण्यांचे धान्य. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, त्याचा भात करतात. तो खाल्ला की वर्षभर दुखणे येत नाही, असे सांगितले जाई. राळे खाऊनही आजारी पडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यामुळे या विधानाची हमी मी देणार नाही. मात्र ज्यांच्या घरी उखळ नव्हते, अशा बायकांना भोगीला माझा उपयोग होई, हे मी खात्रीने सांगू शकते.

पुढे निजामाचे राज्य गेले. लोकांना तांदळाची चव लागली. राळ्याचा भात कोरडा. तो घशात अडकतो. मुले तो ताटात तसाच ठेवू लागली. अखेर माझ्याकडे एकट्या धुरपदाबाई येत राहिल्या.

सत्तावन्न साली गावात मोटार येऊ लागली. वळताना तिचे चाक माझ्या कडेवर आदळे. सरपंच किशनराव पारावर बसून म्हणाले, "हे उखळ फोडा आन् सडकेत टाका. राळं खातंय कोण आता?"

"मी खाते की," धुरपदाबाई म्हणाल्या.

"मावशे, तुझ्या एका घासापायी मोटारीनं शिवारात थांबावं का?"

सगळे हसले. किशनराव घरी गेल्यावर राधाकिशन हा शेजारी धुरपदाबाईंजवळ आला. "मावशे, लय सोपं हाय. उखळाला शेंदूर फासतो. मंग सरपंचाचा बापबी हात लावायचा न्हाई."

युक्ती खात्रीची होती. मी निश्चित वाचले असते.

"आन् कांडायचं कुठं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "देवाच्या डोक्यात मुसळ घालू का, बाबा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी किशनरावांना पारावर गाठले. "मोटारीला वाट द्या. उखळ पाराच्या मागं पुरा. भोगीला मी हितंच भात रांधते. एकानंबी मागून खाल्ला न्हाई, तर खुशाल फोडा."

किशनरावांनी अट मान्य केली आणि मला पारामागे हलवण्यात आले.

भोगीला भात शिजला. भुजंग नावाच्या मुलाने पहिलाच घास थुंकला. "आज्जे, ही वाळू हाय!" किशनरावांना एका घासावर तांब्याभर पाणी प्यावे लागले. पुष्कळांनी नुसता वास घेतला. कमलबाईने मात्र पानावरचा भात संपवला, पुन्हा मागितला आणि म्हणाली, "पुढच्या साली माझंबी शेरभर कांडू."

बहुमत भाताच्या विरुद्ध होते. पण अट बहुमताची नव्हती. किशनरावांनी मला फोडायला मागवलेला हातोडा परत पाठवला.

मित्रांनो, मी जुने आहे, एवढ्यावरून मला जागा देऊ नका. भात आवडत नाही, एवढ्यावरून काढूनही घेऊ नका. कोणी कांडायला येते का, एवढेच पाहा. आणि येत असेल, तर आदल्या दिवशी मला स्वच्छ धुऊन ठेवा. माझ्यात माती राहिली तर भात दाताखाली कचकचतो, आणि लोक त्याचा दोष राळ्याला देतात.